स्टार्टेड टास्क कोणी सुरू केला?
आयबीएमच्या झेड/ओएस प्रणालीत स्टार्ट या आज्ञेने सुरू होणाऱ्या, सहसा दीर्घकाळ चालत राहणाऱ्या कामाला स्टार्टेड टास्क म्हणतात. ही आज्ञा ऑपरेटर कन्सोलवर टाइप करतोच असे नाही. प्रणालीच्या मांडणीच्या संग्रहातील, म्हणजे पार्मलिबमधील, कमांड सदस्य प्रणाली उभी राहताना ती देतो; कामे हाताळणाऱ्या जेईएस२ची वेळेवर बांधलेली स्वयंचलित आज्ञा, ऑटोमेशनचे सॉफ्टवेअर किंवा एखादा प्रोग्रामही ती देऊ शकतो. त्यामुळे शोध प्रणालीच्या संदेशांच्या नोंदीपासून, म्हणजे सिसलॉगपासून सुरू करावा. टास्क सुरू झाल्याचा हॅस्प ३७३ हा संदेश तेथे सापडला की त्याच्या वरच्या ओळी वाचाव्यात. मूळ आज्ञा बहुधा तेथेच असते आणि तिच्यासोबत कन्सोलचे नावही. नावाच्या जागी ‘इंटर्नल’ दिसले, तर माणसाऐवजी प्रणालीच्या स्वतःच्या आज्ञांकडे वळावे.

येथे एक चूक हमखास होते. आयईएफ ६९५ या संदेशातला युजर आयडी म्हणजे आज्ञा देणारा, असा समज करून घेतला जातो. प्रत्यक्षात तो आयडी म्हणजे टास्क ज्या ओळखीने चालतो ती ओळख असते. प्रणालीतील घडामोडींच्या नोंदी ठेवणाऱ्या एसएमएफच्या ३० क्रमांकाच्या नोंदीतून सुरुवातीची वेळ नेमकी मिळते. पण आज्ञा देणाऱ्याच्या शोधात तिचा उपयोग तेवढाच. रॅकफ या सुरक्षा सॉफ्टवेअरमध्ये ऑपरकमांड्स या आज्ञांच्या वर्गाचे ऑडिट चालू असेल, तर एसएमएफच्याच ८० क्रमांकाच्या नोंदीत आज्ञा देणाऱ्याचा आयडी सापडतो. हे ऑडिट आधीच चालू असावे लागते. मागाहून चालू केल्यास घडून गेलेल्या आज्ञेची नोंद मिळत नाही.