येशूच्या आख्यानाची कुळकथा

स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 साली नागपूरला आले ते उपदेश करायला. गोंडांपुढे मात्र ते आधी श्रोते झाले. महादेवाने गुहेत कोंडलेल्या गोंडांना लिंगो सोडवतो आणि त्यांची कुळे लावून देतो, ही लांबलचक कथा त्यांनी परधान गायकाच्या तोंडून उतरवून घेतली. 1863 मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना ते बोरीजवळ पाण्यात वाहून गेले. पुढे 1866 मध्ये रिचर्ड टेंपलने त्यांचे कागद छापले आणि लिंगो ग्रंथात आला. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, जंगलात देवाची हकीकत गाऊनच सांगायची असते, हे कळायला याहून मोठा पुरावा कशाला हवा?

गाऊन सांगण्याची ही युक्ती ख्रिस्ती धर्माला मराठीत फार आधी सापडली होती. 1579 मध्ये गोव्यात उतरलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने साष्टीत राहून ‘ख्रिस्तपुराण’ रचले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ 1616 मध्ये रायतूरला रोमन लिपीत छापला गेला. त्यात एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रींना विनवतो की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरी काही द्या. मला हा सगळ्या गोष्टीचा गाभा वाटतो. पोथ्या काढून घेता आल्या, पण संध्याकाळी पुराण ऐकायची सवय लोकांच्या अंगात होती. पाद्रीबुवांनी त्या सवयीलाच हात घातला आणि येशूला वैकुंठासारख्या ओळखीच्या शब्दांत बसवले. 1684 मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेवरच बंदी घातली, तरी हे पुराण पुढेही गायले जात राहिले.

ओवी झाली, कीर्तन राहिले होते. ते अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळींत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभे राहिले. कृष्णराव सांगळे यांचे नाव त्यात अग्रभागी घेतले जाते. साचा नारदीयच. नमन, पूर्वरंगात निरूपण, मग उत्तररंगात आख्यान. फक्त ध्रुवाच्या जागी उधळ्या पुत्राचा दाखला आला. साकी, दिंडी, आर्या, पेटी, झांज, सगळे जसेच्या तसे. प्रवचनाला उठून जाणारा माणूस आख्यानाला बसतो, हे ज्याने एखाद्या उत्सवात पाहिले आहे त्याला यामागचे गणित सांगायला नको.

नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये दीक्षा घेतल्यावर या वाटेला खरा कवी मिळाला. त्याआधी ते नागपुरात आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने लिहीत होते. ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या हातून अपुरे राहिले. 1919 मध्ये टिळक वारल्यावर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले. स्वतः धड शाळेत न गेलेल्या बाईने येशूचे चरित्र ओव्यांत सांगावे, यात मला या परंपरेचा सर्वांत मोठा विजय दिसतो. दळण-कांडणाच्या भाषेत कथा सांगायला पदवी लागत नाही.

आता पुन्हा चांद्याकडे. तिथे स्कॉटिश एपिस्कोपल चर्चचे मिशन होते. तिथले अलेक्झांडर वुड यांनी 1906 मध्ये चांद्याच्या कामावर इंग्रजीत पुस्तक लिहिले, पुढे ते नागपूरचे बिशप झाले. 1962 नंतर केरळच्या सिरो-मलबार चर्चने या भागाची जबाबदारी घेतली. 1977 पासून तो चांदा धर्मप्रांत, पीठ बल्लारपूरला. म्हणजे गोष्ट सांगणारा आता मल्याळम् घरातून येतो आणि आधी मराठी शिकतो.

पण मराठी किती दूर नेणार? ब्रह्मपुरी-वरोऱ्याच्या गावांत कीर्तन आणि दंडार हे लोकनाट्य दोन्ही रुजलेली, तिथे आर्या-साकी डोक्यावरून जाणार नाही. 1982 मध्ये चांद्यातून वेगळ्या झालेल्या गडचिरोलीत एटापल्ली-भामरागडच्या माडिया गोंडाला मात्र हरिदासी मराठी जवळपास इंग्रजीइतकीच परकी. तिथे नगरचा साचा उचलून नेण्यात अर्थ नाही. हिस्लॉप यांच्याप्रमाणे आधी तिथल्या कथेकऱ्यापुढे बसून त्याची चाल आणि त्याची भाषा शिकावी लागेल, आणि तेही त्याने शिकवायचे मनावर घेतले तर.