लाखेचा हात
घरातील लाकडास ओल, मळ व ओरखडे यांपासून राखण्याची विद्या हिंदुस्थानात फार जुनी असून, अबुल फजलाने 'आईन-इ-अकबरी'त इमारतखर्चाचे दर नमूद करताना, बांबूच्या पडद्यांवर चढवावयाच्या लाखेत तांबड्या रंगासाठी हिंगूळ व पिवळ्यासाठी हरताळ मिसळण्याचा तपशीलही दिला आहे. पळस, बोर व कुसुंब यांच्या फांद्यांवरील किड्यांची ही राळ शुद्ध होऊन तिची चपडा लाख बने; ती स्पिरिटात विरघळवून कापडाच्या बोळ्याने अत्यंत पातळ असे अनेक हात देणारा कारागीर सागवानाच्या अंगचे तेज असे काही उजळी, की त्याची सर पुढील कोणत्याही रोगणास आलेली मला दिसत नाही. तथापि ऊन कपाचा पांढरा वण त्यावर उमटे आणि स्पिरिटाचा थेंब तर लेपच विरघळवी. १९३७ साली जर्मनीत ओटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी आयसोसायनेटांपासून पॉलियुरेथेन सिद्ध केले. त्याचा लेप घट्ट होताना रेणूंचे जाळे विणले जाते, म्हणून तो पाण्याला वा मद्यार्काला सहसा दाद देत नाही. मात्र ओरखडा पडला असता लाखेचा नवा हात जुन्यात एकजीव होतो, तर वाळलेले पॉलियुरेथेन पॉलिशपेपरने घासल्यावाचून पुढचा हात धरीत नाही.