मुंबईचा पूर्व किनारा

मुंबईचा पूर्व किनारा : कुलाब्याच्या ससून गोदीपासून शिवडी-वडाळ्यापर्यंतची मुंबई बंदराची किनारपट्टी. चौपाटीकडचा समुद्र साऱ्या शहराचा. हा मात्र भिंती, फाटके आणि परवान्यांआड राहिला. कारण राजकीय आहे. इथली बहुतेक जमीन महापालिकेची नाही, राज्य सरकारचीही नाही. ती बंदराची, म्हणजे केंद्राच्या अखत्यारीतली.

हा किनारा बराचसा भरावाचा, आणि भरावामागे कापूस. अमेरिकेतील यादवी युद्धात (1861-65) मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. तो पैसा समुद्र बुजवणाऱ्या कंपन्यांत ओतला गेला आणि 1865 मध्ये बाजार कोसळताच बुडालाही. पुढे त्यांतल्याच एल्फिन्स्टन कंपनीची गोद्यांकडची मालमत्ता सरकारने विकत घेतली व 1873 मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. दरम्यान 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली होती. वर्धा खोऱ्यातल्या गाठी सरळ मुंबईला येऊ लागल्या. ‘हिंगणघाट’ हे तर तिथल्या बाजारात एका प्रतीचेच नाव होते. प्रिन्सेस (1880), व्हिक्टोरिया (1888) आणि अलेक्झांड्रा (1914) या गोद्या पाठोपाठ बांधल्या गेल्या. शेवटच्या गोदीच्या खोदाईतील मातीवर बॅलार्ड इस्टेट उभी आहे.

14 एप्रिल 1944. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजावर सुमारे 1,400 टन स्फोटके, वर कापसाच्या गाठी आणि सोन्याच्या विटाही. आधी कापूस पेटला. दुपारी चारनंतर अर्ध्या तासाच्या अंतराने दोन स्फोट झाले. एक वीट तर दूरवरच्या एका पारशी गृहस्थाच्या घराचे छत फोडून आत पडली. शेकडो माणसे गेली, त्यांत अग्निशमन दलाचे 66 जवान होते. युद्धकाळातील सेन्सॉरमुळे बातमी काही काळ दडपली गेली.

किनाऱ्याला हळूहळू पोखरणारे उद्योग वेगळे. बंदराच्या दारूखाना भागात जहाजे तोडली जातात, त्यांचे तेल आणि गंज गाळात उतरतात. ऑगस्ट 2010 मध्ये ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-3’ या जहाजांची बंदराच्या तोंडाशी टक्कर झाली. तेल सांडले, ते तिवरांच्या मुळांपर्यंत गेले. नवल असे की शिवडीच्या याच दलदलीवर 1990 च्या दशकापासून हजारो रोहित पक्षी उतरू लागले. सांडपाण्यावर फोफावणारे शेवाळ त्यांना मानवले असावे. जानेवारी 2024 मध्ये खुला झालेला 21.8 किलोमीटरचा अटल सेतू तिथूनच निघतो. पक्षीप्रेमींच्या हरकती बांधकामाआधीपासूनच्या.

1989 मध्ये न्हावा-शेवाला जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि कंटेनर वाहतूक खाडीपलीकडे गेली. जुन्या प्रिन्सेस व व्हिक्टोरिया गोद्या पुढे बुजवल्या गेल्या. मोकळ्या होत चाललेल्या जागेचे काय करायचे, यासाठी केंद्राने 2014 मध्ये राणी जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. उद्याने, क्रूझ टर्मिनल, विहारपथ अशी चित्रे तेव्हापासून रंगत आहेत. भाडेपट्टेदारांचे भाडेवाढीचे भांडण मात्र त्याहून जुने, 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात जाऊन आलेले. आणि बंदराच्या जमिनीवरील झोपडीवासीयांना राज्याची पुनर्वसन योजना आपोआप लागू होत नाही. त्यासाठी केंद्राची संमती लागते.