हात

खांद्यापासून बोटांच्या टोकांपर्यंतचा अवयव; बोलण्यात बहुधा मनगटापुढचा भाग. संस्कृत ‘हस्त’, प्राकृत ‘हत्थ’, मराठी ‘हात’ अशी या शब्दाची परंपरा आहे. संस्कृतात सोंडेलाही ‘हस्त’ म्हणत. सोंड असलेला तो ‘हस्तिन्’, म्हणजे आपला हत्ती. भोंडल्यात पाटावर काढला जाणारा हत्ती हस्त नक्षत्राच्या पावसाचे प्रतीक मानतात.

फारसीतील ‘दस्त’चा अर्थही हातच, आणि तो ‘हस्त’शी सगोत्र आहे, अवेस्तातील ‘झस्त’ या रूपावरून हे नाते स्पष्ट दिसते. राज्यकारभारातून तो मराठीत रुळला: दस्तऐवज, दस्तक, कागदांचा दस्ता. हवेली तालुक्यातील आणि २०२१ पासून पुणे महानगरपालिकेत असलेल्या वाघोलीत ‘हात’ आणि ‘दस्त’ या दोहोंचे वंशज आजही रोजच्या वापरात आहेत. दगडखाणीत हातोडा चालतो. जमिनीचा किंवा सदनिकेचा दस्त नोंदवताना त्यावर अंगठ्याचा ठसा घेतात.

मोजमापात कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर, सुमारे ४५ सेंमी., म्हणजे एक हात. दोन हातांचा एक वार. बेरजेत पुढच्या घरात नेला जाणारा अंक तो ‘हातचा’. मदतीला हातभार, कौशल्याला हातखंडा हे शब्दही याच कुळातील.