गवताचे झाड झाले तेव्हा

अमरावतीहून नागपूरकडे निघाले की नांदगाव पेठ लागते. आज या गावाचे नाव औद्योगिक वसाहतीतील कापड कारखान्यांसाठी घेतले जाते. तेथे यंत्रांवर ताणा आणि बाणा एकमेकांत गुंफले जातात. पण याच तत्त्वावर चालणारे, सूतही न लागणारे आणखी एक विणकाम वऱ्हाडात पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहे. धान्य पाखडायचे सूप, शेण भरायचे टोपले, कोंबड्या झाकायचे डालगे ही सारी त्याचीच अपत्ये. त्यांचा कच्चा माल म्हणजे मेळघाटातला मानवेल बांबू, शेतातल्या तुराट्या, नाल्याकाठची निर्गुडी.

ही विद्या फार जुनी आहे. मृत समुद्राजवळच्या मुरब्बात येथील गुहेत २०२१ साली एक अखंड टोपली सापडली. तिचे वय सुमारे १०,५०० वर्षे ठरले. त्या प्रदेशात मातीची भांडी तेव्हा घडवली जात नव्हती.

टोपली विणायला शिकायचे म्हणजे काय शिकायचे? आमच्या मते या शिक्षणाचे दोन भाग पडतात. पहिला हाताचा. गोल टोपली एकाच पट्टीने विणायची तर उभ्या काड्यांची संख्या विषम हवी. ती सम असेल, तर दुसऱ्या फेरीतही पट्टी त्याच काड्यांवरून जाते आणि वीण बसत नाही. हे वर्गातही शिकवता येते.

दुसरा भाग डोळ्याचा. बांबू गवताच्या कुळातला. त्याचा कोंब काही महिन्यांतच पूर्ण उंची गाठतो. नंतर तो झाडाच्या खोडासारखा जाड होत नाही. पुढची काही वर्षे फक्त आतून कठीण होत जातो. फार कोवळा बांबू सुकताना आकसतो, फार जून वाकवताना मोडतो. म्हणून योग्य वयाची काठी ओळखावी लागते, आणि ती ओळख बांबूच्या बेटाशी उभे राहूनच होते. त्याचे तंतू उभे, समांतर असतात, म्हणून तो सरळ चिरला जातो. सालीकडे ते अधिक दाट असतात, म्हणून बाहेरची कामटी चिवट निघते. ही माहिती पुस्तकात येण्याच्या कितीतरी आधी बुरुडांच्या आणि कोरकूंच्या हातांत होती.

इतिहास आडवा आला तो या दुसऱ्या भागाला. एकोणिसाव्या शतकात मेळघाटचे जंगल सरकारने राखीव केले. पुढे १९२७ च्या भारतीय वन कायद्याने ‘झाड’ या शब्दाच्या व्याख्येत ताड-माड आणि वेत यांच्याबरोबर बांबूही घातला. वनस्पतिशास्त्रातले गवत कायद्यात झाड झाले! ते तोडायला आणि वाहून न्यायला परवाना लागू लागला. नोंदणी झालेल्या बुरुडांना सवलतीच्या दराने बांबू देण्याची सोय झाली खरी. पण आगारात रचलेला बांबू घेणे वेगळे आणि बेटातून हवी ती काठी निवडणे वेगळे.

स्वातंत्र्यानंतर बांबूला कागद कारखान्यांचे मोठे गिऱ्हाईक मिळाले. त्याचा परिणाम काय झाला, याचा शास्त्रीय तपास कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात झाला. तेथील दांडेलीच्या कारखान्याला सुरुवातीला टनाला दीड रुपया इतक्या नाममात्र दराने बांबू मिळे. बुरुडांना मात्र बाजारभावाने घ्यावा लागे. बांबू संपत चालल्याची तक्रार बुरुडांनी केली, आणि १९७० च्या दशकात माधव गाडगीळ व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहणी सुरू केली. दोष गावकऱ्यांच्या तोडीला आणि गुरांना दिला जात होता. पण बेटाच्या बुडाशी असलेले काटेरी जाळे ‘दाटी कमी व्हावी’ म्हणून साफ केले जात होते. ते जाळेच नव्या कोंबांचे रक्षण करत असे. ते गेल्यावर कोंब जनावरांच्या तोंडी सापडत. गावकऱ्यांना हे ठाऊक होते.

कायदा बदलायला मात्र वेळ लागला. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानले. २७ एप्रिल २०११ रोजी गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाच्या ग्रामसभेला स्वतःच्या बांबूचे वाहतूक परवाने देण्याचा अधिकार मिळाला. २०१७ साली बांबूचे नाव ‘झाडा’च्या व्याख्येतून निघाले, जंगलाबाहेर लावलेला बांबू मोकळा झाला. जंगलातला बांबू वनोपज म्हणून नियमांखाली राहिला. दरम्यान १९९० च्या दशकात सुनील व निरुपमा देशपांडे यांनी मेळघाटातील लवादा येथे संपूर्ण बांबू केंद्र उभारून कोरकू तरुणांना बांबूकामाचे शिक्षण देणे सुरू केले होते. जंगलाच्या कुशीत ते सुरू झाले, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते.

कला लोपली की आपण ‘नव्या पिढीला आवड उरली नाही’ असे म्हणून मोकळे होतो. प्लॅस्टिकनेही टोपलीची जागा घेतली, हे खरेच. पण ज्या मुलाला बेटापर्यंत जाताच आले नाही, त्याच्या आवडीचा हिशेब कसा मांडायचा?

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. तूर निघाल्यावर शेतातून काही हिरवट, लवचीक तुराट्या आणाव्यात. उभ्या काड्या एकदा सम आणि एकदा विषम घेऊन मुलांना विणू द्यावे. मग त्यांना गावात सूप विणणाऱ्या कारागिराकडे न्यावे आणि एवढेच विचारायला सांगावे: काठी कोणती घ्यायची, हे तुम्हाला कोणी शिकवले, आणि कुठे?