मेत्सिंगेन : सुटावर सूट देणाऱ्या गावाचा इतिहास

मराठीत ‘सूट’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात. एक म्हणजे अंगावर चढणारा कोट-पँटचा जोड, आणि दुसरा म्हणजे किमतीत मिळणारी सवलत. जर्मनीच्या नैर्ऋत्य भागातील एका लहान गावाचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास या दोन अर्थांभोवतीच फिरतो. त्या गावाचे नाव मेत्सिंगेन. आजचा धागा त्या गावाविषयी आहे, आणि समाजमाध्यमांवर वरचेवर फिरणाऱ्या एका अर्धसत्याविषयीही.

स्टुटगार्टला कामानिमित्त जाणाऱ्या मराठी माणसांची संख्या थोडीथोडकी नाही. पुण्यातील मोटार उद्योगाचे आणि त्या शहराचे नाते जुने आहे. मुंबई आणि स्टुटगार्ट ही तर १९६८ पासून भगिनी-शहरे आहेत. महिना-दोन महिने तिथे राहणाऱ्याला सहकारी एक सल्ला हमखास देतात : एक शनिवार काढून मेत्सिंगेनला जाऊन या. शनिवारच, कारण जर्मनीत रविवारी दुकाने बंद असतात; हे ठाऊक नसलेला पाहुणा रिकाम्या रस्त्यांवर फिरून परत येतो. मीही असाच एका शनिवारी ट्युबिंगेनकडे जाणाऱ्या गाडीत बसलो. नेकार नदीचे खोरे, मग टेकड्यांवरचे द्राक्षमळे, आणि तासाभराच्या आत मेत्सिंगेनचे स्थानक.

गाव बावीस हजारांच्या आसपास वस्तीचे. गर्दी मात्र जत्रेची. शंभराहून अधिक नाममुद्रांची दुकाने, काचेच्या आणि काँक्रीटच्या देखण्या इमारती, आणि जगाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली, रिकाम्या बॅगा ओढत निघालेली माणसे. युरोपीय संघाबाहेरून आलेल्यांना विक्रीकराचा परतावा मिळतो, म्हणून विमानतळावर शिक्का मारून घ्यायच्या कागदांची चर्चा कुठेही कानावर पडते. या गजबजाटापासून काही पावलांवर एका चौकात उतरत्या छपरांच्या सात जुन्या इमारती उभ्या आहेत. त्या द्राक्षे गाळण्याच्या घाण्यांच्या इमारती. एकीत आता द्राक्षमद्याचे संग्रहालय आहे, दुसरीत गावाचे ग्रंथालय. बहुतेक खरेदीदार तिथवर पोहोचत नाहीत.

द्राक्षे, कातडी कमावणे आणि कापड विणणे ही या गावाची जुनी पोटापाण्याची साधने. एर्म्स नावाची छोटी नदी गावातून वाहते. तिच्या पाण्यावर हे धंदे उभे राहिले. अशा गावात १८८५ साली ह्यूगो फर्डिनांड बॉस जन्माला आला. आईवडिलांचे आतल्या कपड्यांचे दुकान होते. तो पाच भावंडांत धाकटा. पहिल्या महायुद्धात सैन्यात होता. १९२४ मध्ये त्याने स्वतःचा कपडे शिवण्याचा कारखाना काढला. सदरे, जाकिटे, कामगारांचे कपडे, पावसाळी अंगरखे असा साधा माल तिथे तयार होई. उंची फॅशनशी या कारखान्याचा तेव्हा काडीचाही संबंध नव्हता.

इथे आपल्या अर्धसत्याची गाठ पडते. ‘नाझींच्या एसएस दलाचा तो काळा गणवेश ह्यूगो बॉसने डिझाइन केला होता’ हे वाक्य आपण कुठे ना कुठे वाचलेले असणार. ते चूक आहे. १९३२ चा तो काळा गणवेश कार्ल डीबिच आणि वाल्टर हेक या दोघांच्या कल्पनेतून उतरला. पहिला चित्रकार व एसएसचा अधिकारी, दुसरा रेखाचित्रकार. बॉसचा कारखाना कपडे शिवून देणारा ठेकेदार होता. असे परवानाधारक ठेकेदार जर्मनीत हजारो होते, आणि त्यांना कापड, रंग व मापे पक्षाच्या म्युनिकमधील पुरवठा कार्यालयाकडून ठरवून मिळत. गणवेश कसा दिसावा हे ठरवण्याचा अधिकार मेत्सिंगेनच्या शिंप्याला कोणी दिलेला नव्हता.

ही दुरुस्ती वाचून अनेकजण सुटकेचा श्वास सोडतात : म्हणजे बॉसने काही केले नाही तर! माझी तक्रार नेमकी इथे आहे. डिझाइनची दंतकथा इतकी आकर्षक आहे की ती खोटी ठरली की लोकांना विषयच संपल्यासारखा वाटतो. खरा विषय मात्र शिवणाऱ्यांचा आहे.

क्रमाने पाहू. विसाच्या दशकात या कारखान्याला एका घाऊक कापड व्यापाऱ्यामार्फत तपकिरी सदऱ्यांची मागणी आली. ते नाझी पक्षाच्या स्वयंसेवकांसाठी होते. पुढे एका जाहिरातीत बॉसने आपण १९२४ पासून पक्षाचे पुरवठादार असल्याचा दावा केला. तो बहुधा फुगवलेला होता, पण आपले नाते जितके जुने तितके बरे, असे त्या वेळी वाटणे हेच पुरेसे बोलके आहे. मग जागतिक मंदी आली. १९३१ मध्ये कारखाना दिवाळखोरीच्या काठावर पोहोचला. धनकोंशी तडजोड होऊन बॉसच्या हाती सहा शिवणयंत्रे उरली. त्याच वर्षी १ एप्रिलला तो नाझी पक्षाचा सभासद झाला. हिटलर सत्तेवर यायला अजून पावणेदोन वर्षे होती. म्हणजे जिंकलेल्याच्या मागे धावणाऱ्या गर्दीतला हा माणूस नव्हे. पोटासाठी गेला की श्रद्धेपोटी, या प्रश्नावर पुढे बराच काथ्याकूट झाला. कंपनीच्याच खर्चाने हा इतिहास अभ्यासणारे रोमान क्यॉस्टर यांचा निष्कर्ष दोन्ही बाजूंना धरून आहे : ठेके हवे होतेच, पण माणूस त्या विचाराचाही होता.

ठेके मिळाले. १९३२ मध्ये सुमारे ३८ हजार राइशमार्क असलेली विक्री १९४१ मध्ये ३३ लाखांच्या पुढे गेली. तपकिरी सदऱ्यांनंतर सैन्याचे गणवेश आले, मग एसएसच्या लढाऊ तुकड्यांचे.

युद्धाने मागणी वाढवली आणि हात कमी केले. ही उणीव जर्मन उद्योगांनी जशी भरून काढली तशीच बॉसनेही भरून काढली. जिंकलेल्या देशांतून माणसे आणली गेली. या कारखान्यात १४० सक्तीचे मजूर राबले, त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. यांखेरीज ४० फ्रेंच युद्धकैदी ऑक्टोबर १९४० ते एप्रिल १९४१ या काळात तिथे होते. स्त्रियांत पोलंडमधून आणलेल्या बऱ्याच होत्या, कारण शिवणकाम येणारे हात हवे होते. आरंभी काहींची सोय गावकऱ्यांच्या घरी झाली. पुढे गावात त्यांच्यासाठी छावणी उभारली गेली. तिथले अन्न अपुरे होते आणि स्वच्छतेची स्थितीही वाईट होती. १९४४ मध्ये बॉसने मजुरांच्या राहण्या-जेवणाची व्यवस्था सुधारण्याचा प्रयत्न केल्याची नोंद आहे. तीही सांगितली पाहिजे, आणि तोवर युद्ध संपायला जेमतेम वर्ष उरले होते हेही.

या १४० जणांपैकी एका पोलिश तरुणीची हकीकत कागदपत्रांत शिल्लक राहिली आहे. ती बहिणीसह मेत्सिंगेनला आणली गेली होती. घरच्यांची ओढ लागून ती पळाली, पकडली गेली आणि छळछावणीत पाठवली गेली. तिथून तिला परत याच कारखान्यात आणण्यात आले. मालकाने त्यासाठी आपली ओळख वापरली. ती दयेपोटी की हातातले काम अडू नये म्हणून, हे कागद सांगत नाहीत. परतल्यावर तिच्यावर कामाचा जो मारा झाला तो तिला सोसवला नाही. १९४३ च्या जुलैमध्ये तिने आयुष्य संपवले. अंत्यविधीला येण्यासाठी तिच्या नातलगांच्या प्रवासाचा खर्च बॉसने दिला.

हे शेवटचे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले आहे. काळ्या गणवेशाच्या दंतकथेत बॉस एक रुबाबदार खलपुरुष असतो. या हकिकतीतला बॉस गावातला एक कारखानदार आहे. तो माणसे वापरतो आणि नंतर तिकिटाचे पैसेही देतो. मला तो अधिक भीतिदायक वाटतो.

युद्धानंतर १९४६ मध्ये नाझीमुक्तीच्या प्रक्रियेत बॉसला त्या राजवटीचा कार्यकर्ता, समर्थक आणि लाभार्थी ठरवण्यात आले. मताधिकार आणि व्यवसाय चालवण्याचा हक्क गेला, एक लाख मार्कांचा दंड झाला. अपिलात त्याचे वर्गीकरण ‘अनुयायी’ असे सौम्य झाले. १९४८ मध्ये तो वारला. कारखाना जावई ओयगेन होली यांच्याकडे आला. तो फ्रेंच सैन्यासाठी, मग पोलीस, टपाल व रेल्वे कर्मचाऱ्यांसाठी गणवेश शिवत राहिला. पुरुषांचे सूट तिथे शिवले जाऊ लागले ते पन्नासच्या दशकात. ज्या वस्तूमुळे जग हे नाव ओळखते, ती वस्तू संस्थापकाच्या मृत्यूनंतरची आहे.

पुढचा चढता आलेख बहुतेकांना माहीत असतो. साठच्या दशकाच्या अखेरीस उवे आणि योखेन या नातवांनी सूत्रे घेतली, मोटार शर्यतींशी नाव जोडले, १९८५ मध्ये कंपनी शेअर बाजारात गेली. आपल्या विषयाच्या दृष्टीने सत्तरच्या दशकात सुरू झालेली एक किरकोळ गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. उरलेला, किंचित सदोष किंवा गेल्या हंगामाचा माल कारखान्याच्या आवारातच स्वस्तात विकायला काढण्यात आला. आपल्याकडे फॅशन स्ट्रीटवर ‘एक्स्पोर्ट सरप्लस’ म्हणून मिळतो, त्याच जातीचा हा व्यवहार. जर्मनीत तो कारखाना-विक्री म्हणून रूढ होता, आणि अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या रीडिंग गावी जुन्या मोज्यांच्या गिरणीत १९७० मध्ये असेच दुकान उघडले होते. मेत्सिंगेनला गिऱ्हाईक येते हे पाहून इतर कंपन्याही आल्या. गावातल्या कापडगिरण्या बंद पडत होत्या. त्यांच्या मोकळ्या जागांवर नव्वदच्या दशकापासून होली कुटुंबाच्याच पुढाकाराने हे खरेदीनगर उभे राहिले.

गिरणीच्या जागी चकचकीत दुकाने, हे दृश्य मुंबईकराला नवे नाही. लोअर परळला फिनिक्स मिलच्या आवारात हिंडलेल्या कुणालाही ते ओळखीचे वाटेल. फरक इतकाच, की गिरणगावात १९८२ च्या संपाची आठवण सांगणारी माणसे अजून आहेत. मेत्सिंगेनच्या त्या १४० जणांपैकी जे वाचले ते दूर आपापल्या देशांत परतले. गावात त्यांच्या आठवणी सांगणारे कोणी उरले नाही.

म्हणून ही गोष्ट उशिरा बाहेर आली. १९९७ मध्ये स्विस बँकांतील पडून राहिलेल्या खात्यांच्या यादीत बॉसचे नाव आले आणि वृत्तपत्रांनी चौकशी सुरू केली. कंपनीने एलिझाबेथ टिम यांच्याकडून अभ्यास करून घेतला, पण तो प्रकाशित केला नाही. शेवटी त्यांनी तो स्वतःच लोकांसमोर ठेवला. सक्तीच्या मजुरांच्या भरपाईसाठी जर्मन शासन व उद्योगांनी उभारलेल्या निधीत कंपनीने वाटा दिला. क्यॉस्टर यांचे पुस्तक २०११ मध्ये आले, आणि तेव्हा कंपनीने जाहीरपणे खेद व्यक्त केला.

त्या शनिवारी मीही एक कोट घेतला, हे लपवण्यात अर्थ नाही. परतीच्या गाडीत आतल्या शिवणीवरची पट्टी उलटून पाहिली. त्यावर तुर्कस्तानचे नाव होते. बॉसचा स्वतःचा सर्वांत मोठा कारखाना आज इझमीर शहरात आहे. मुख्य कचेरी अजून मेत्सिंगेनलाच आहे, पण शिवणकाम करणारे हात आता तिथे आहेत. गाडी नेकारच्या काठाने परतत होती, आणि समोरच्या बाकावरचे एक कुटुंब कराच्या परताव्याचे कागद मोजत होते.