सावंतवाडीची खरी लाकडी खेळणी आणि गंजिफा ओळखायची कशी?

मुंबई-गोवा हायवेनं गोव्याकडे निघालात की सीमा यायच्या थोडं आधी सावंतवाडी लागते. या गावाचं नाव काढलं की दोन गोष्टी हमखास आठवतात: लाकडाची हुबेहूब फळं आणि गोल पत्ते, म्हणजेच गंजिफा. कोकणात फिरून आलेल्या कितीतरी घरांच्या शोकेसमध्ये लाकडी आंबा, केळं, मिरची, वांगं दिसतं.

पण दुकानावर "सावंतवाडीची खेळणी" अशी पाटी असली म्हणून आतला सगळा माल सावंतवाडीत तयार झालेला असतो असं नाही. त्याच फळीवर यंत्रावर बनलेला परराज्यातला माल असतो आणि प्लास्टिकची खेळणीही असतात. ते विकणं गुन्हा नाही, मात्र सावंतवाडीचं म्हणून पैसे मोजले आणि हातात भलतंच आलं तर गिऱ्हाईक फसतं आणि कारागिराचंही नुकसान होतं.

हे गाव खेळण्यांचं कसं झालं?

सावंतवाडी ही सावंत-भोसले संस्थानची राजधानी. गावाचं जुनं नाव सुंदरवाडी. १८ व्या शतकाच्या उत्तरार्धात तिसरे खेम सावंत यांची कारकीर्द झाली, आणि या काळात इथं कलांना राजाश्रय मिळाला असं मानलं जातं. लाकडावर रंगकाम आणि लाखकाम करणाऱ्या कारागिरांना चितारी म्हणतात. त्यांची वस्ती ती चितारआळी. आजही लाकडी वस्तूंची दुकानं प्रामुख्यानं याच भागात आहेत.

पूर्वी इथं खेळण्यांपेक्षा रोजच्या वापराच्या आणि लग्नकार्याच्या वस्तू जास्त बनत. रंगीत पाट, चौरंग, देव्हारे, पाळणे, पोळपाट-लाटणं, मुलींसाठी भातुकली आणि लाकडी बाहुल्या असं बरंच काही. फळं-भाज्यांचे सेट हीच पुढं गावाची ओळख झाली.

मोठा बदल रस्त्यानं घडवला. जुना मुंबई-गोवा महामार्ग थेट सावंतवाडी शहरातून जायचा. गाडी मोती तलावाजवळ थांबायची, प्रवासी चहा घ्यायचे आणि खेळणी घेऊन पुढं निघायचे. चौपदरी झालेला आजचा राष्ट्रीय महामार्ग ६६ (पूर्वीचा १७) झाराप ते पत्रादेवी या टप्प्यात शहराला बगल देऊन जातो. म्हणजे आता सावंतवाडीत यायचं तर हायवे सोडून मुद्दाम आत वळावं लागतं. रेल्वेनं आलात तर कोकण रेल्वेचं सावंतवाडी रोड स्थानकही शहराबाहेर मळगावला आहे.

गंजिफा म्हणजे काय आणि ती महाग का असते?

गंजिफा हा पत्त्यांचा खेळ इराणकडून भारतात आला. बाबरानं १५२७ साली सिंधमधल्या एका मित्राला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आठवणींत आहे. पुढं या खेळाला भारतीय रूप मिळालं आणि दशावतारी गंजिफा तयार झाली.

दशावतारी संचात १२० पत्ते असतात. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह अशा दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात १२ पत्ते: एक राजा, एक प्रधान आणि एक्का ते दश्शी. खेळ साधारणपणे तिघांत रंगतो. दिवसा खेळताना रामाचा राजा ज्याच्याकडे असेल त्यानं सुरुवात करायची आणि रात्री कृष्णाचा राजा ज्याच्याकडे असेल त्यानं, असा नियम आहे. मुघल गंजिफेत ८ रंग आणि ९६ पत्ते असतात, तर नवग्रह गंजिफेत ९ रंग आणि १०८ पत्ते.

पारंपरिक पद्धतीत कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीनं चिकटवतात, गोल कापतात, घोटून गुळगुळीत करतात, मग ब्रशनं एकेक चित्र काढतात आणि शेवटी लाखेचा थर देतात. असे १२० पत्ते रंगवायला किती दिवस जातील याचा अंदाज केला की किंमत हजारांत का जाते हे कळतं. हातानं रंगवलेला पूर्ण संच म्हणून कुणी दोन-तीनशे रुपयांना देत असेल, तर तो छापील आहे असं खुशाल समजावं.

ही कला जवळजवळ संपली होती. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत छापील पत्ते घरोघर पोचले आणि गंजिफेला मागणी उरली नाही. तेव्हा सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी गावात उरलेले वयोवृद्ध कलावंत पुंडलिक चितारी यांच्याकडून ही कला शिकून घेतली. मग राजवाड्यातच 'सावंतवाडी लॅकरवेअर्स' या नावानं काम सुरू झालं आणि स्थानिक तरुण-तरुणींना शिकवण्यात आलं. आज सावंतवाडीत गंजिफा विकत मिळते, त्यामागं हे प्रयत्न आहेत. सत्वशीलादेवी यांचं २०१८ मध्ये निधन झालं.

जीआय टॅग मिळालाय, मग काळजी कशाला?

सावंतवाडीची गंजिफा आणि लाकडी कलावस्तू या दोन्हींना २०२४ साली भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय मिळालं. त्यामुळे 'सावंतवाडी' हे नाव ठरलेल्या भागात, ठरलेल्या पद्धतीनं बनलेल्या वस्तूलाच वापरता येतं. १९९९ च्या कायद्यानुसार ही नोंदणी १० वर्षांची असते आणि पुढं वाढवता येते.

जीआय मात्र दुकानाला मिळत नसतो. वस्तू बनवणाऱ्यांना 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. म्हणून दुकानात "जीआय आहे का?" एवढंच विचारून भागत नाही. "हे बनवणारा नोंदणीकृत आहे का, आणि बिलावर तसं लिहून द्याल का?" असं विचारावं. खात्रीचा माल असेल तर दुकानदाराला बिलावर "हातानं बनवलेलं, सावंतवाडी" असं लिहायला अडचण नसते.

दुसरा घोळ आयएसआय मार्कचा. २०२१ पासून देशात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे. मात्र हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेले कारागीर आणि जीआयचे अधिकृत वापरकर्ते यांच्या वस्तूंना त्यातून सूट आहे. त्यामुळे हाताच्या लाकडी खेळण्यावर मार्क नाही म्हणजे ते बनावट, असा अर्थ होत नाही. कारखान्यातल्या प्लास्टिकच्या खेळण्यावर मात्र तो मार्क असायलाच हवा.

लाकडी फळं-खेळणी कशी तपासायची?

• वजन: पारंपरिक काम पांगाऱ्याच्या लाकडात होतं. हे लाकूड मऊ आणि हलकं असतं. आता पांगारा कमी मिळत असल्यानं इतर लाकडंही वापरली जातात. वस्तू फारच जड लागली तर लाकूड कोणतं ते विचारा.

• जोडाची रेघ: साच्यातून काढलेल्या प्लास्टिकच्या किंवा पावडरच्या वस्तूला बाजूनं बारीक सरळ रेघ असते. कोरलेल्या लाकडाला ती नसते.

• दोन नग शेजारी ठेवा: हातानं रंगवलेले दोन आंबे कधीच तंतोतंत सारखे नसतात. एकाच्या देठाजवळची लाली थोडी जास्त, दुसऱ्याची कमी. सगळे नग अगदी एकसारखे असतील तर ते यंत्राचं काम.

• खालची बाजू: तळाला किंवा देठाच्या टोकाशी रंग पातळ असतो. तिथं लाकडाची रेषा, पटाशीची खूण किंवा ब्रशचा फटकारा दिसतो.

• चन्नपट्टणची खेळणी: कर्नाटकातल्या चन्नपट्टणची लाखेची खेळणी दिसायला सुंदर आणि स्वतःचा जीआय असलेली आहेत. फिरत्या यंत्रावरच त्यांना लाखेचा रंग चढवतात, त्यामुळे ती गोलाकार, चकचकीत आणि एकरंगी पट्ट्यांची दिसतात. ती जरूर घ्यावीत, पण चन्नपट्टणची म्हणूनच.

गंजिफा घेताना काय पाहायचं?

मोबाइलच्या कॅमेऱ्यानं पत्त्याचा जवळून फोटो काढा आणि मोठा करून बघा. छापील असेल तर रंगाचे बारीक ठिपके दिसतात. हाताचं असेल तर ब्रशच्या रेषा आणि रंगाचा किंचित उठाव दिसतो.

संच घेत असाल तर दुकानातच पत्ते मोजा. दशावतारीत दहा अवतार आणि प्रत्येकाचे १२ पत्ते भरले पाहिजेत. एखादाही पत्ता कमी असला तर खेळता येणार नाही. प्रत्येक अवताराची पार्श्वभूमी वेगळ्या रंगाची असते, त्यामुळे मोजणं सोपं जातं.

पूर्ण संच परवडत नसेल तर एखाद-दुसरा सुटा पत्ता, फ्रेम किंवा गंजिफेची चित्रं रंगवलेली डबी मिळते. छापील संच घेण्यातही चूक काही नाही, पण तो छापील म्हणून आणि छापील किमतीला मिळायला हवा.

खरेदी कुठं करायची?

राजवाड्याला भेट दिली तर कारागीर रंगकाम करताना बघायला मिळतात आणि तिथंच वस्तूही विकत घेता येतात. काम डोळ्यांसमोर चाललेलं असताना खऱ्या-खोट्याचा प्रश्न बराचसा सुटतो. त्यानंतर चितारआळीत जावं. इथल्या काही दुकानांमागंच काम चालतं. "काका, हे कुणी केलं? काम बघायला मिळेल का?" असं विचारलं की बहुतेकदा मोकळेपणानं उत्तर मिळतं. उत्तर टाळलं जात असेल तर पुढच्या दुकानाकडे वळावं.

घासाघीस करताना एक भान ठेवलेलं बरं. यंत्राच्या मालाचा भाव दाखवून हाताच्या कामाचा भाव पाडला, की दुकानदार पुढच्या वेळी यंत्राचाच माल भरतो. बजेट कमी असेल तर मोठ्या सेटऐवजी दोनच फळं घ्यावीत, पण खरी घ्यावीत.

काजू-कोकमाचं काय?

खेळण्यांबरोबर पिशवीत काजू आणि कोकम येतंच. वेंगुर्ल्याचा काजू आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीचं कोकम यांनाही जीआय आहे. भारतात परदेशातूनही कच्चा काजू येतो आणि इथं फोडला जातो, त्यामुळे पाकिटावर काजू कुठला हे लिहिलंय का ते पाहावं. कोकम सरबताच्या बाटलीवर घटकांची यादी वाचावी. आगळात कोकमाचा रस आणि मीठ असतं. कृत्रिम रंग किंवा फ्लेवर लिहिलेला असेल तर ते आगळ नव्हे.

घरी आणल्यावर

लाकडाला ओल सोसत नाही. पावसाळ्यात वस्तू भिंतीला टेकवून किंवा बंद ओलसर कपाटात ठेवू नयेत. पाण्यानं न धुता कोरड्या मऊ कापडानं पुसाव्यात. लाकडातून बारीक भुसा पडताना दिसला तर कीड लागली आहे असं समजून ती वस्तू ताबडतोब वेगळी ठेवावी.

शोभेची फळं तान्ह्या बाळाच्या हातात देऊ नयेत. सगळेच रंग तोंडात घालण्याजोगे नसतात. खेळायलाच हवं असेल तर दुकानदाराला तसं स्पष्ट सांगून, छोटे सुटे भाग नसलेलं खेळणं निवडावं.

परदेशातल्या नातेवाइकांना पाठवायचं असेल तर आधी त्या देशाचे नियम बघावेत. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये लाकडी वस्तू विमानतळावर जाहीर कराव्या लागतात. न सांगता नेल्या आणि सापडल्या तर दंड होऊ शकतो.

आणि बिल जपून ठेवावं. त्यावर बनवणाऱ्याचं नाव लिहून घेता आलं तर उत्तमच. पुढच्या वेळी ओळखीतलं कुणी सावंतवाडीला निघालं, की कुणाकडे जायचं ते सांगता येतं.